नणंद म्हणते सुया आमच्या, फिजिओ म्हणतात आमच्याही

पत्र : माझं वय 47. दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम. गेले सात-आठ महिने मानेच्या उजव्या बाजूपासून खांद्यापर्यंतचा पट्टा दगडासारखा कडक झाला आहे. विशिष्ट जागी दाबलं की कळ थेट कानशिलात जाते. फिजिओ व्यायाम करून घेतात, त्याने निम्मा फरक पडला. आता ते म्हणतात, 'ड्राय नीडलिंग करू या, म्हणजे दुखऱ्या गाठीत औषधाशिवाय नुसती सुई टोचू, दोन-तीन वेळात गाठ सुटेल.' माझी नणंद ॲक्युपंक्चर करते. तिने हे ऐकलं आणि घरात वादच पेटला. ती म्हणते, सुया टोचायला शिकण्यात आम्ही वर्षं घालवली. हे लोक शनिवार-रविवारचा कोर्स करून तेच वेगळ्या नावाने विकतात, त्यांना परवानगीच असता कामा नये. फिजिओंचं म्हणणं, याचा ॲक्युपंक्चरशी काही संबंध नाही. खरं कोणाचं? आणि मी करून घेऊ का? जाता जाता सांगते, थायरॉइडची गोळी आणि डॉक्टरांनी दिलेली रोजची एक ॲस्पिरिन चालू आहे.

उत्तर : तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ॲस्पिरिनपासूनच सुरुवात करतो. फिजिओंनी सुईचं नाव काढण्याआधी हे विचारलं होतं का? कमी मात्रेतली ॲस्पिरिन असली म्हणून नीडलिंग करता येत नाही असं नाही. रक्त थोडं जास्त वेळ येतं, काळंनिळं जास्त पडतं, म्हणून सुया कमी लावायच्या आणि काढल्यावर जास्त वेळ दाबून धरायचं. पण हे टोचणाऱ्याला आधी माहीत हवं. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्या कारणासाठी ती दिली आहे, ते मानेच्या गाठीपेक्षा मोठं असणार. रक्त पातळ करणारी याहून जोरकस औषधं चालू असती, तर खोलवरच्या जागा टाळाच, असं आम्ही म्हटलं असतं.

आता घरातला वाद. दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे.

फिजिओ म्हणतात तो इतिहास खरा आहे. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टर, ज्या पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वैद्य झाल्या, स्नायूतल्या दुखऱ्या गाठींमध्ये बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देत. या गाठींना 'ट्रिगर पॉइंट' म्हणतात. गाठ एका जागी आणि कळ भलतीकडे, हे त्यांचं लक्षण. मानेच्या वरच्या पट्ट्यातली गाठ कानशिलात दुखणं, हे तुम्ही लिहिलेलं वर्णन त्यात चपखल बसतं. पुढे 1979 मध्ये कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी 241 रुग्णांच्या 312 जागांची नोंद छापली : जागा अचूक सापडली तर औषधाशिवाय, नुसत्या सुईनेही 86.8 टक्के वेळा लगेच आराम पडला. तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता, हेही लक्षात ठेवा. औषध नाही म्हणून 'ड्राय'. म्हणजे हे तंत्र इंजेक्शनच्या वाटेने आलं, ॲक्युपंक्चरच्या नव्हे.

पण सुई तीच आहे! भरीव, 0.25 ते 0.30 मिलिमीटर जाडीची. इंजेक्शनला वापरतात ती 23 गेजची पोकळ सुई साधारण 0.6 मिलिमीटर असते, म्हणजे ही तिच्या निम्मी. प्लास्टिकच्या बारीक नळीतून येते. नळी सुईपेक्षा थोडी आखूड असल्याने सुईची मूठ चार-पाच मिलिमीटर वर दिसते. त्यावर टिचकी मारली की टोक कातडीतून आत जातं आणि बहुतेकांना ते कळतही नाही. ॲक्युपंक्चरमध्येही नेमक्या दुखऱ्या जागी टोचायची जुनी पद्धत आहे. त्यामुळे 'काही संबंध नाही' हे फिजिओंचं वाक्य आम्हाला पटत नाही. सुईला सिद्धांत कळत नाही. फुप्फुसालाही नाही.

म्हणूनच हा धंद्याच्या हद्दीचा वाद आम्ही तुमच्यापुरता बाजूला ठेवतो. 'सुया कोणाच्या' हे ठरवून तुमचा खांदा सुरक्षित होत नाही.

धोका कुठे आहे तो नीट समजून घ्या, कारण तुमची जागा नेमकी तीच आहे. फुप्फुसाचं वरचं टोक कॉलरबोनच्या आतल्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर येतं. म्हणजे फुप्फुस छातीच्या पिंजऱ्यात संपत नाही, मानेच्या बुडापर्यंत पोचतं. तुमचा दुखरा स्नायू, अप्पर ट्रॅपेझियस, बरोबर त्याच्या छपरावर पसरलेला आहे. सडपातळ बाईच्या खांद्यावर सरळ खाली 40 मिलिमीटरची सुई घातली तर ती स्नायू ओलांडून फुप्फुसाच्या आवरणात जाऊ शकते. मग आवरणात हवा शिरते आणि फुप्फुस आक्रसतं. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. क्वचित होतं, पण झालेलं आहे. फिजिओंच्या हातून झालं आहे, तसंच ॲक्युपंक्चर करणाऱ्यांच्या हातूनही.

टाळण्याची रीत साधी आहे, आणि टोचणाऱ्याला ती येते की नाही हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. तुम्हाला पालथं किंवा कुशीवर झोपवलं पाहिजे. बसवून टोचायला लागले तर थांबवा. बसलेल्या माणसाला भोवळ आली तर तो सुईसकट पडतो. मग मान-खांद्यामधला मांसल पट्टा अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून पिंजऱ्यापासून वर उचलायचा. सुई त्या उचललेल्या मांसातून आडवी जाते, चिमटीतल्या समोरच्या बोटाच्या रोखाने. टोक कधीही खाली छातीकडे नाही. सुई हलती आहे तोवर चिमूट सुटता कामा नये. स्नायू निसटला तर सुई आधी कातडीखालपर्यंत मागे घ्यायची, पुन्हा पकडायचं आणि मगच पुढे. याला 25 ते 30 मिलिमीटरची सुई बहुधा पुरते. 60-75 मिलिमीटरच्या सुया नितंबासारख्या जाड स्नायूंसाठी असतात. तुमच्या खांद्याशेजारच्या ट्रेमध्ये त्या निघाल्या तर का ते विचारा. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं तर काय करायचं (तोंडाने सांगायचं, अंग हलवायचं नाही) हेही सुरुवातीलाच ठरलेलं असावं.

सुई गाठीत शिरली की स्नायू क्षणभर उडतो, डोळा लवावा तसा. त्यासोबत एक खोल, बोथट, पेटका आल्यासारखी कळ येते, कदाचित तुमच्या ओळखीचीच, कानशिलातली. टोचणारा सुई थोडी मागे-पुढे करत पाच-दहा वेळा ती उसळी शोधतो आणि मग काढून घेतो. एका जागेचं काम मिनिटाच्या आत संपतं. विजेच्या झटक्यासारखी किंवा बोटांपर्यंत झिणझिणी गेली तर ती गाठ नव्हे, मज्जातंतू. लगेच सांगा, सुई लगेच मागे आली पाहिजे. 'थोडं सहन करा' हे उत्तर तिथे चालत नाही.

आता हे करण्यात अर्थ किती? थोडा आहे. अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर पहिल्या दिवसापासून 12 आठवड्यांपर्यंत, काहीच न करण्यापेक्षा किंवा टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या खोट्या सुईपेक्षा दुखणं कमी झालेलं दिसतं. पुरावा अगदी कमकुवत ते मध्यम दर्जाचा. त्यापुढचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही. खोटी सुई रुग्णाला बऱ्याचदा ओळखू येते आणि टोचणाऱ्याला तर माहीतच असते, त्यामुळे मनाचा परिणाम वेगळा काढणं इथे कठीण जातं. 'ट्रिगर पॉइंट' नावाची गाठ खरोखर असते का, यावरही जाणकारांत वाद आहे. दोन तज्ज्ञांनी एकाच माणसाची पाठ चाचपली तर दोघे त्याच गाठींवर बोट ठेवतील याची खात्री नाही. 'दोन-तीन वेळात गाठ सुटेल' असं छातीठोकपणे सांगावं इतकं हे शास्त्र पक्कं झालेलं नाही. 'दोन-तीन वेळा करून बघू, फरक नाही पडला तर थांबू' हे वाक्य आम्हाला जास्त प्रामाणिक वाटतं.

सुरक्षिततेचे आकडे मात्र बरे आहेत. आयर्लंडमधल्या 39 फिजिओंनी 7,629 उपचारांची नोंद ठेवली (2014 मध्ये प्रसिद्ध) : सुमारे 19 टक्के वेळा किरकोळ त्रास, म्हणजे काळंनिळं पडणं, रक्ताचा थेंब, दुखणं, गंभीर एकही नाही. अमेरिकेतल्या 420 फिजिओंच्या 20,464 उपचारांत (2020) किरकोळ त्रास 36.7 टक्के आणि मोठ्या घटना 20, म्हणजे साधारण 1,024 उपचारांमागे एक. या नोंदी टोचणाऱ्यांनी स्वतः भरलेल्या आहेत, हे विसरू नका. घरी गेल्यावर ज्याला दम लागला आणि जो थेट दुसऱ्या दवाखान्यात गेला, तो त्या वहीत असेलच असं नाही. तरीही, शिकलेल्या हातात हे फार धोक्याचं काम नाही, असं म्हणायला हे आकडे पुरेसे आहेत.

मग परवानगी असावी का? आमच्या मते असावी, पण आज अनेक ठिकाणी दिली जाते तशी सरसकट नको.

अमेरिकेत हे भांडण कोर्टापर्यंत गेलं. 2014 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायालयाने ड्राय नीडलिंग फिजिओंच्या कक्षेबाहेर ठरवलं. 2018 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने फिजिओंच्या बाजूने कौल दिला. सुई तीच, निकाल उलटे, कारण प्रत्येक राज्याच्या कायद्यातली 'फिजिओथेरपी'ची व्याख्या वेगळी. 2016 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तर हे काम परवानाधारक डॉक्टर आणि ॲक्युपंक्चर करणाऱ्यांपुरतंच ठेवावं अशी भूमिका घेतली. फिजिओंची बाजू मांडणारे 2015 च्या एका अहवालाकडे बोट दाखवतात. तो राज्यांच्या फिजिओथेरपी मंडळांच्या महासंघाने करवून घेतला होता : ड्राय नीडलिंगला लागणाऱ्या ज्ञानापैकी 86 टक्के फिजिओच्या मूळ शिक्षणातच मिळतं. हे आम्हाला मान्य आहे. शरीररचना, कोणता स्नायू कुठून कुठे जातो, कोणता रुग्ण आधी डॉक्टरकडे पाठवायचा, हे चांगल्या फिजिओला उत्तम येतं. पण उरलेले 14 टक्के म्हणजेच मुख्यतः सुई. ती धरायची कशी, किती खोल, कोणत्या कोनात. फुप्फुस त्या 14 टक्क्यांत येतं.

इथे तुमच्या नणंदेचा मुद्दा वजनदार आहे. मेरीलँड राज्य 80 तास मागतं, त्यातले 40 प्रत्यक्ष हातांनी करायचे. कोलोरॅडो 46 तासांवर भागवतं. दोन दिवसांच्या वर्गात सगळं अंग शिकून सोमवारी पाठीवर सुया लावायला बसणं यातल्या कशातच बसत नाही. मात्र ॲक्युपंक्चरची हजारो तासांची तालीम झाली म्हणून खोल स्नायूत उसळी शोधणं आपोआप येतं, असंही नाही. त्या तालमीतला मोठा भाग वेगळ्या निदानपद्धतीचा असतो. बरगड्यांवर खोल टोचणाऱ्या प्रत्येकाची, मग तो कोणीही असो, त्याच कामाची प्रात्यक्षिक परीक्षा व्हावी.

आमच्या हातात असतं तर परवाना शरीराच्या भागांनुसार दिला असता. आधी पोटरी, मांडी, नितंब, हात. तिथे चूक झाली तर बहुतेक वेळा निळा डाग पडतो. मान, खांद्याचा वरचा पट्टा, दोन पात्यांमधला भाग आणि बरगड्या यांसाठी वेगळी तालीम, वेगळी परीक्षा. दर वेळी लेखी संमती, आणि तिच्यात 'फुप्फुस' हा शब्द स्पष्ट लिहिलेला. सहायकाच्या हातात सुई कधीच नाही. तुम्ही राहता तिथला नियम काय आहे ते फिजिओंच्या नोंदणी परिषदेकडे लेखी विचारता येतं. भिंतीवरचं कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे.

तुमच्या फिजिओंना विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. किती तास शिकलात, त्यातले हाताने किती? माझ्या याच स्नायूवर याआधी कितीदा केलंय? मला कसं झोपवणार, सुई किती लांबीची, रोख कुठे? दम लागला तर पुढे काय करायचं? शेवटच्या प्रश्नाला 'असं होत नाही' हे उत्तर आलं तर उठून या.

त्यांनी तुम्हालाही विचारायला हवं : गरोदरपण, फिट्स, मधुमेह, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, धातूची ॲलर्जी, सुईची भीती, आधी कधी भोवळ आली का. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील आणि तो हात सुजत असेल तर त्या हातावर सुया नकोत. सुईला वीज जोडणार असतील तर पेसमेकरचा प्रश्न आलाच. आणि तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारतो : हात बधिर होतो का, पकड ढिली पडली आहे का, रात्री दुखण्याने जाग येते का, ताप किंवा विनाकारण वजन घटणं? यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, सुई नंतर.

टेबलवर पाहायच्या गोष्टी थोड्याच. पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. सुई एकदाच वापरायची, नंतर ती टणक डब्यात, कचऱ्याच्या पिशवीत नाही. सुईच्या दांड्याला बोट लागता कामा नये. आत गेल्या किती, बाहेर आल्या किती, हे मोजलं पाहिजे. केसांच्या कडेला किंवा कपड्याखाली सुई राहून जाणं ही ऐकीव गोष्ट नाही. कधीकधी स्नायू आवळून सुई धरून ठेवतो. ती ओढायची नसते. मिनिटभर थांबायचं, आजूबाजूला हलकं थोपटायचं, गोल फिरवली असेल तर उलट फिरवायची, सुटते. घाबरून तुम्ही मान वळवलीत तर सुई वाकते, म्हणून त्या वेळी स्थिर पडून राहा.

नंतर एक-दोन दिवस तो भाग व्यायाम जास्त झाल्यासारखा दुखेल. कोमट शेक, मानेची हलकी हालचाल, बस. पण छातीत किंवा खांद्यात टोचणारी कळ, श्वास घेताना वाढणारं दुखणं, दम, कोरडा खोकला यातलं काही झालं तर उद्याची वाट पाहू नका. हे लगेच होतं किंवा काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही. तातडीच्या विभागात जा आणि पहिलंच वाक्य हे म्हणा : 'माझ्या खांद्यावर सुया टोचल्या आहेत.' नाहीतर 47 वर्षांच्या बाईची छातीतली कळ पाहून ते हृदयाच्या मागे लागतील किंवा स्नायू दुखतोय म्हणून घरी पाठवतील. छातीचा एक्स-रे लागतो. दुसऱ्या दिवशी विमानप्रवास असेल तर आदल्या दिवशी खांद्यावर सुया लावूच नका. फुप्फुसातून हवा सुटलेली असेल तर उंचीवर ती पसरते.

करायचं ठरवलंत तर पहिल्या दिवशी एक किंवा दोनच जागा. आधी आरशासमोर हनुवटी दोन्ही खांद्यांकडे वळवून कुठवर जाते ते पाहा, किती वेळ सलग बसवतं ते लिहा. तिसऱ्या वेळेनंतर त्यात बदल नसेल तर थांबा. दहा-दहा सुयांचं पॅकेज आधी पैसे भरून घेऊ नका.

नाही ठरवलंत तरी काही अडत नाही. डेन्मार्कमध्ये 2008 साली ट्रॅपेझियस दुखणाऱ्या 48 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून तीनदा, 20 मिनिटं, दहा आठवडे, मान-खांद्याच्या स्नायूंवर वजन घेऊन केलेल्या व्यायामाने दुखणं ठळक कमी झालं. नुसत्या सायकलिंगने फारसं नाही. तुमचा निम्मा फरक व्यायामानेच पडला आहे. फिजिओंना विचारा की सध्याच्या व्यायामात वजन आहे का, की अजून रबराचा पट्टा ओढणंच चालू आहे. हातात डंबेल घेऊन खांदे कानाकडे उचलणं, हात बाजूला उचलणं, 8 ते 12 वेळा, तीन फेऱ्या. शेवटची दोन उचलताना दमायला हवं इतकं वजन, आणि 12 सहज जमू लागली की थोडं वाढवायचं. सुई लावलीत तरी त्याच आठवड्यात हे सुरू ठेवा, आणि सुईच्या दिवशी मात्र सुट्टी घ्या.